मुदतीचा कायदा आणि दख्खनचे कर्जखत : १८२७ ते १८७९

१. प्रश्नाचे स्वरूप

जुन्या कर्जाचा दावा किती वर्षांपर्यंत न्यायालयात आणता यावा, हा प्रश्न प्रथमदर्शनी वकिलांच्या आणि मुन्सफांच्याच जिव्हाळ्याचा वाटतो. कायद्याच्या ग्रंथांत त्याचे स्थान परिशिष्टातील एखाद्या कोष्टकासारखे असते : अमुक प्रकारच्या दाव्यास अमुक वर्षे, आणि ती वर्षे अमुक दिवसापासून मोजावयाची. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या चरणात हे कोष्टक पुणे आणि अहमदनगर ह्या जिल्ह्यांतील कुणब्याच्या घरापर्यंत जाऊन पोहोचले. जुन्या तंट्यांचा लवकर शेवट व्हावा आणि ऋणकोच्या डोक्यावर वर्षानुवर्षे टांगती तलवार राहू नये, ह्या हेतूने कर्जाच्या दाव्याची मुदत कमी करण्यात आली. तिचा दख्खनमधील परिणाम मात्र नेमका उलट झाला. पुढे वीस वर्षांनी त्याच सरकारला त्याच ऋणकोच्या हितासाठी ती मुदत पुन्हा वाढवावी लागली.

हा उलटफेर कसा घडला, ह्याचा विचार १८७५ च्या दंग्यांच्या इतिहासात साधारणतः एखाद्या परिच्छेदात उरकला जातो. जमीनमहसुलाची फेरआकारणी, कापसाच्या भावाची चढउतार आणि परप्रांतीय सावकारांचा शिरकाव ही कारणे अधिक ठळक आहेत हे खरे. तथापि कर्जाचे कागद मुळात इतके का वाढले, आणि दंगेखोरांचा रोष माणसांपेक्षा कागदांवर अधिक का होता, ह्या दोन प्रश्नांची उत्तरे मुदतीच्या कायद्याचा इतिहास पाहिल्यावाचून नीट मिळत नाहीत.

२. धर्मशास्त्रातील मर्यादा : काळाची नव्हे, रकमेची

ऋणादान हे मनुस्मृतीने सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांतील पहिले पद होय. त्या विषयाचा विस्तार स्मृतिकारांनी आणि टीकाकारांनी पुष्कळ केला आहे. परंतु ठरावीक वर्षे लोटली म्हणजे केवळ त्या कारणाने कर्जाचा दावा बुडतो, असा सर्वसाधारण नियम त्यांत आढळत नाही. कालमर्यादेची कल्पना त्यांना अपरिचित होती असेही नाही. मालकाच्या डोळ्यांदेखत आणि त्याच्या हरकतीवाचून दुसऱ्याने वीस वर्षे जमीन किंवा दहा वर्षे जंगम वस्तू उपभोगली, तर मालकाची हानी होते, असे याज्ञवल्क्य सांगतो. ही हानी मूळ वस्तूची की तिच्या उत्पन्नाची, ह्याविषयी टीकाकारांत मतभेद आहेत. परंतु हा नियम भोगाचा आहे, ऋणाचा नव्हे. दीर्घकाळ कोणासही न दाखविलेल्या लेखाकडे संशयाने पाहावे असेही काही स्मृतिवचने सुचवितात. तेथेही प्रश्न पुराव्याचा असतो, ऋणाच्या नाशाचा नसतो.

ऋण काळाने संपत नाही, ह्याचे कारण ते केवळ व्यवहार म्हणून पाहिले जात नव्हते. ते न फेडता मेलेल्या माणसाला परलोकी त्याचे भोग भोगावे लागतात, आणि म्हणून पुत्राने व पौत्राने ते फेडावे, ही त्यामागची श्रद्धा होती. पुत्राने व्याजासह आणि पौत्राने मुद्दलापुरते फेडावे, जुगार व मद्यपान ह्यांसाठी काढलेले ऋण फेडू नये, असे भेद त्यात आहेत. परंतु एकंदर दृष्टी अशी की, ऋण माणसाच्या आयुष्यापेक्षाही दीर्घायू असते.

मग ऋणकोला संरक्षण कोणते? ते रकमेच्या मर्यादेत होते. एका वेळी वसूल करावयाचे व्याज मुद्दलाच्या दुपटीपलीकडे एकूण येणे नेऊ शकत नाही, हा नियम मनूने सांगितला आहे. धान्यादी वस्तूंसाठी प्रमाण निराळे. महाराष्ट्रात ह्या नियमास दामदुपट म्हणतात. धनको वीस वर्षे थांबला तरी शंभराचे दोनशेच होणार. थांबण्यात त्याचा लाभ एका मर्यादेनंतर खुंटतो. अशा रीतीने काळाच्या प्रश्नाचे उत्तर शास्त्राने घड्याळाने न देता तराजूने दिले होते. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

३. पेशवाईतील वसुली

प्रत्यक्ष वसुलीचे मार्ग पेशवाईत बहुतांशी न्यायसभेबाहेरचे होते. मनूने ऋणवसुलीचे पाच उपाय सांगितले आहेत : धर्म, व्यवहार, छल, आचरित आणि बल. त्यांपैकी आचरित म्हणजे दाराशी बसून अडवणूक करणे, असा अर्थ टीकाकार करतात. मराठी मुलखात ह्याचेच रूप तगादा आणि धरणे. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ मध्ये लिहिलेल्या अहवालात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने तगाद्याचे वर्णन केले आहे. साध्या विनवणीपासून, दाराशी माणूस बसविण्यापासून, ऋणकोचे जेवणखाण व जाणेयेणे बंद करण्यापर्यंत त्याच्या पायऱ्या होत्या. तगाद्याने काम भागले नाही तर पंचायत होती, आणि सरकारकडे जावयाचे तर वसूल झालेल्या रकमेचा काही भाग सरकारास द्यावा लागे.

ह्या व्यवस्थेचे गुणगान करण्याचे कारण नाही. दुर्बळ ऋणकोस तगाद्यात जाच होता, आणि बलिष्ठ ऋणकोपुढे धनको हतबल होता. तथापि एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. गावातील सावकारास वसुलीसाठी गावाच्या संमतीवर अवलंबून राहावे लागे. पाटील, पंच आणि भाऊबंद ह्यांच्या डोळ्यांसमोर हिशेब होई. जुने कर्ज असले तर किती सोडावयाचे आणि किती हप्त्यांनी घ्यावयाचे, हे ऋणकोची ऐपत पाहून ठरे. कागद हा त्या हिशेबाचा एक पुरावा होता, एकमेव पुरावा नव्हता.

४. बारा वर्षांवरून तीन वर्षे

एल्फिन्स्टनच्या गव्हर्नरपदाच्या अखेरीस, १८२७ मध्ये, मुंबई इलाख्याची रेग्युलेशने एकत्र करण्यात आली. त्यांतील पाचव्या रेग्युलेशनात दाव्यांच्या मुदतीची तरतूद होती. लेखी खतावरील कर्जाच्या दाव्यास तीत बारा वर्षांचा अवधी होता. बंगालमध्ये १७९३ च्या आणि मद्रासमध्ये १८०२ च्या रेग्युलेशनांनीही बारा वर्षांचीच सर्वसाधारण मुदत घातली होती. दामदुपटीच्या मुलखात बारा वर्षांची मुदत फारशी जाचक नव्हती. शेकडा बारा दराने मुद्दल दुप्पट होण्यास आठ वर्षे चार महिने लागतात; म्हणजे सर्वसाधारण दराने कर्ज दुपटीस पोहोचल्यावरही धनकोजवळ दाव्यासाठी काही वर्षे शिल्लक राहत. त्याला घाई करण्याचे कारण नव्हते.

इलाख्याइलाख्यांतून निरनिराळे असलेले हे नियम एकरूप करण्यासाठी १८५९ चा चौदावा कायदा झाला. त्यामागे इंग्लंडमधील १६२३ च्या मुदतीच्या कायद्याची परंपरा होती. परंतु इंग्लंडात साध्या करारावरील दाव्यास सहा वर्षे असता हिंदुस्थानात उसनवारीच्या व साध्या खतावरील दाव्यास तीनच वर्षे ठेवण्यात आली. खत ठरावीक अवधीत नोंदविलेले असेल तरच सहा वर्षे. ह्या भेदामागील तर्क उघड होता. ह्या देशात तोंडी पुरावा अविश्वसनीय असतो, खोटे साक्षीदार सुलभ असतात, म्हणून आठवण ताजी असतानाच दावा यावा. आणि ज्यांस अधिक काळ हवा त्यांनी खत नोंदवावे. जुन्या व्यवहारांसाठी दोन वर्षांची सवलत होती. ती वाढवून कायद्याचा पुरा अंमल १ जानेवारी १८६२ पासून झाला.

ह्या कायद्याचा काळ लक्षात घेतला पाहिजे. १८५५ मध्ये व्याजाच्या दरावरील कायदेशीर मर्यादा काढून टाकण्यात आल्या होत्या. १८५९ मध्येच दिवाणी कामकाजाची पहिली अखिल भारतीय संहिता झाली, आणि तिच्यामुळे समन्स, एकतर्फी हुकूमनामा, जप्ती, लिलाव आणि ऋणकोस अटक हा क्रम सर्वत्र एका साच्याचा झाला. १८६० च्या दंडसंहितेने धरणे धरणे हे ५०८ व्या कलमाच्या उदाहरणांत घालून त्यास गुन्ह्याचे रूप दिले. पाच-सहा वर्षांच्या अवधीत दराचे बंधन गेले, गावाच्या मध्यस्थीचा जुना मार्ग बंद झाला, न्यायालयाचा नवा मार्ग प्रशस्त झाला, आणि त्या मार्गाच्या तोंडाशी तीन वर्षांचा उंबरठा बसविण्यात आला. ह्या चारही गोष्टी स्वतंत्रपणे समर्थनीय होत्या. त्या एकाच वेळी एकाच शेतकऱ्यावर येऊन पडतील, ह्याचा विचार कलकत्त्याच्या कायदेमंडळात झालेला दिसत नाही. इशारा मात्र आधीच मिळाला होता : दख्खनच्या जमीनपाहणीत अग्रभागी असलेल्या जॉर्ज विंगेटने १८५२ मध्येच लिहून ठेवले होते की, नवी न्यायालये धनकोच्या हाती एकांगी सामर्थ्य देत असून त्यामुळे दोघांमधील जुना परस्परावलंबी संबंध बिघडत आहे.

५. खताचे नूतनीकरण

तीन वर्षांची मुदत संपत आली म्हणजे धनकोपुढे दोनच मार्ग उरत : दावा लावणे, अथवा ऋणकोकडून नवे खत लिहून घेणे. कायद्यानुसार केवळ तोंडी कबुलीने मुदत वाढत नसे. ऋणकोची सही वा निशाणी असलेला लेख हवा असे. १८७२ च्या करारकायद्याच्या २५ व्या कलमाने तर मुदत उलटून गेलेले कर्ज फेडण्याचे लेखी आणि सहीचे वचनही बंधनकारक ठरविले. म्हणजे बुडालेले खतही नव्या कागदाने जिवंत होऊ शकत होते.

ऋणको नवे खत का लिहून देई, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. त्याचे उत्तर शेतीच्या दिनमानात आहे. जमीनमहसुलाचे हप्ते रोखीने द्यावयाचे. बियाणे आणि बैल ह्यांसाठी पुन्हा त्याच सावकाराच्या दारी जावयाचे. सावकाराने दावा लावला तर मुन्सफाच्या कचेरीपर्यंतची वाट, वकिलाचा खर्च, आणि बहुधा एकतर्फी हुकूमनामा. ह्या पर्यायांपुढे कोऱ्या स्टँपवर अंगठा उठविणे सोपे होते. स्टँपचा खर्चही बहुधा ऋणकोच्याच नावे पडे, आणि तो मुद्दलात मिळविला जाई.

नव्या खतात मागील मुद्दल आणि थकलेले व्याज एकत्र होऊन नवे मुद्दल बने. ह्याचा अर्थ एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. शंभर रुपये शेकडा चोवीस दराने घेतले आणि मध्ये काहीच भरले नाही असे धरू. तीन वर्षांनी व्याज बहात्तर रुपये होऊन नवे खत १७२ रुपयांचे होते. सहाव्या वर्षी ते सुमारे २९६ चे, नवव्या वर्षी सुमारे ५०९ चे आणि बाराव्या वर्षी सुमारे ८७५ रुपयांचे होते. एकच खत बारा वर्षे तसेच राहिले असते तर सरळ व्याजाने ३८८ रुपये झाले असते, आणि दामदुपटीमुळे धनकोस त्यांतील दोनशेच मागता आले असते.

दामदुपटीचा नियम मुंबई इलाख्यात रद्द झाला नव्हता. व्याजाचे निर्बंध उठविणाऱ्या १८५५ च्या कायद्याने हिंदू ऋणकोचे हे जुने संरक्षण नष्ट होत नाही, असाच मुंबई हायकोर्टाचा निर्वाळा होता. परंतु न्यायालय दुपटीचे माप लावी ते खतात लिहिलेल्या मुद्दलास. उभयतांच्या संमतीने व्याज मुद्दलात मिळविले गेले असेल, तर ते मुद्दलच. प्रत्येक नव्या खतागणिक तराजूचा काटा पुन्हा शून्यावर येई. अशा रीतीने काळाची नवी मर्यादा रकमेच्या जुन्या मर्यादेस पोखरून गेली. एका संरक्षणाने दुसऱ्या संरक्षणाचा बळी घेतला. आणि तोही कोणत्याही कायद्याने तसे न म्हणता.

ह्यावर असा आक्षेप येईल की, बारा वर्षांच्या मुदतीतही सावकार खते बदलून घेतच होते. ते खरे आहे. हिशेब करून खत बदलणे हा सावकारीतला जुना प्रघात होता. फरक आहे तो वारंवारतेत आणि अपरिहार्यतेत. पूर्वी खत बदलणे हे सोयीवर होते. भला सावकार थांबू शकत होता. आता थांबणे म्हणजे पैसा बुडविणे झाले. कायद्याने भल्या आणि लोभी सावकारांतील भेद ह्या बाबतीत पुसून टाकला, आणि दर तीन वर्षांनी संघर्षाचा एक प्रसंग दोघांच्याही नशिबी लिहून ठेवला.

६. न संपणारा हुकूमनामा

ज्या धनकोने खताऐवजी दाव्याचा मार्ग पत्करला, त्याच्या बाबतीत मुदतीचा कायदा आणखी एका रीतीने चाले. हुकूमनाम्याच्या बजावणीसही तीन वर्षांचीच मुदत होती; पण ती शेवटच्या दरखास्तीपासून मोजली जाई. वेळोवेळी दरखास्त देत राहिले म्हणजे हुकूमनामा जिवंत राही. १८७७ च्या कायद्यातही बजावणीच्या दिशेने टाकलेले प्रत्येक पाऊल नव्या मुदतीचा आरंभ मानण्यात आले.

परिणामी हुकूमनामा हे वसुलीचे साधन न राहता दबावाचे साधन बनले. सावकार जमीन लिलावात काढण्याची घाई करीत नसे. लिलावात जमीन घेऊन ती कसणार कोण? त्यापेक्षा दरखास्तीचा धाक दाखवून नवे खत, गहाणखत वा पिकाचा हिस्सा मिळविणे अधिक फायद्याचे होते. १८७५ नंतर नेमलेल्या चौकशी मंडळापुढे हुकूमनाम्याच्या ह्या उपयोगाविषयी पुष्कळ पुरावा आला. ज्या कायद्याचा उद्देश तंट्याचा शेवट करणे हा होता, त्याच्याच आधाराने तंटा बेमुदत चालविता येत होता.

ह्याच काळात १८७१ च्या मुदतीच्या कायद्याने ऋणकोच्या हिताची एक महत्त्वाची तरतूद केली होती. प्रतिवादीने मुदतीचा मुद्दा काढला नाही तरी न्यायाधीशाने स्वतःहून मुदतबाह्य दावा काढून टाकावा, असे त्यात स्पष्ट केले. इंग्लंडात हा मुद्दा प्रतिवादीनेच काढावा लागतो. निरक्षर ऋणकोच्या देशात ही सुधारणा योग्यच होती. परंतु तिचा लाभ दख्खनच्या शेतकऱ्यास क्वचितच मिळाला, कारण त्याचे कर्ज मुदतबाह्य होऊच दिले जात नव्हते. दर तीन वर्षांनी त्याचा स्वतःचाच अंगठा त्यास नवे आयुष्य देत होता.

पित्याच्या ऋणाविषयी मात्र मुंबई सरकारने वेळीच पाऊल टाकले. १८६६ च्या मुंबईच्या सातव्या कायद्याने, ज्यास हिंदू वारसांच्या मुक्ततेचा कायदा म्हणतात, पुत्र-पौत्रांची जबाबदारी मृताकडून आलेल्या मालमत्तेपुरती मर्यादित केली. परंतु हयात बापाच्या खतावर मुलाचाही अंगठा घेण्याची वहिवाट असेल तर हा कायदा काय करणार? तो कागद बापाचा राहत नसे, मुलाचाच होई.

७. १८७५ : कागदांची मागणी

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव चढले आणि सावकारांनी मुक्तहस्ताने कर्जे दिली. १८६५ नंतर भाव कोसळले. १८६७ पासून इंदापूर आणि पुढे इतर तालुक्यांत महसुलाची आकारणी वाढली. सावकारांनी हात आखडता घेतला आणि जुन्या येण्यांचा तगादा सुरू झाला. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील करडे गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. त्याचे लोण आजूबाजूस पसरले, आणि १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी जमावाने सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला. पुणे जिल्ह्यातील भीमथडी, शिरूर, इंदापूर, हवेली आणि अहमदनगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत ह्या तालुक्यांत त्याची पुनरावृत्ती झाली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून ९५१ लोकांस अटक झाली आणि ५०१ जणांस शिक्षा झाल्या.

ह्या दंग्यांचे वैशिष्ट्य म्हणजे मागणीची एकरूपता. जमाव सावकाराकडे खते आणि हुकूमनामे मागत असे. ते मिळाले आणि जाळले गेले, की बहुधा जमाव पांगे. न मिळाले तरच मारहाण वा जाळपोळ. खुनाच्या दंग्यात जो सूड असतो तो येथे नव्हता.

चौकशी मंडळाने १८७६ च्या अहवालात ह्या वर्तनाची नोंद केली आहे. त्याचा अर्थ मुदतीच्या कायद्याच्या प्रकाशात अधिक स्पष्ट होतो. ऋण घेतलेच नव्हते असे म्हणणारे थोडे होते. ज्यास आक्षेप होता ते ऋण नसून त्याचे कागदी रूप होते : मूळ शंभराचे, दोन-तीन खते बदलून झालेले पाचशेचे मुद्दल. ह्या वाढीचा इतिहास कागदात कोठेही नव्हता. शेवटच्या खताने मागील खते गिळून टाकली होती, आणि न्यायालय शेवटचे खत पाही. मागील खते फाडून दिली गेली की ऋणकोजवळ स्वतःचा पुरावा काहीच उरत नसे. तेव्हा त्या एका कागदाचा नाश हाच त्यास हिशेब पूर्ववत करण्याचा मार्ग वाटला, तर नवल नाही.

मुदतीचा कायदा हे दंग्यांचे एकमेव किंवा मुख्य कारण होते, असे म्हणणे मात्र अतिशयोक्तीचे होईल. तो कायदा सर्व ब्रिटिश हिंदुस्थानास लागू होता आणि दंगे थोड्या तालुक्यांतच झाले. अलीकडील अभ्यासकांत रविंदर कुमार ह्यांनी ग्रामीण समाजातील सत्तासंबंधांच्या पालटावर भर दिला आहे, तर नील चार्ल्सवर्थ ह्यांनी १९७२ मधील लेखात ह्या दंग्यांचे महत्त्वच फुगविले गेले असल्याचे प्रतिपादन केले. दंग्यांचा विस्तार लहान होता हे चार्ल्सवर्थ ह्यांचे म्हणणे मान्य केले तरी, दंग्यांनी उघडे पाडलेले खतांचे यंत्र त्यामुळे लहान ठरत नाही. कोसळत्या भावांनी आणि वाढत्या आकारणीने शेतकऱ्यास अडचणीत आणले. त्या अडचणीचे रूपांतर दर तीन वर्षांनी वाढत्या मुद्दलात करण्याची यंत्रणा कायद्याने पुरविली होती.

८. १८७९ चा कायदा : मुदतीची वाढ

थिओडोर होप ह्यांनी मांडलेला दख्खनच्या शेतकऱ्यांच्या मुक्ततेचा कायदा, म्हणजे १८७९ चा सतरावा कायदा, पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर ह्या चार जिल्ह्यांना १ नोव्हेंबर १८७९ पासून लागू झाला. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्यास अटक होऊ नये, स्पष्ट गहाण नसलेली जमीन विकली जाऊ नये, खते ग्रामनिबंधकापुढे लिहिली जावीत, दाव्यापूर्वी समेटाचा प्रयत्न व्हावा, ह्या त्यातील तरतुदी सर्वज्ञात आहेत. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने दोन तरतुदी महत्त्वाच्या.

पहिली, बारावे व तेरावे कलम. न्यायाधीशाने शेवटच्या खतावर न थांबता व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा, मुद्दल व व्याज ह्यांचे हिशेब वेगळे मांडावेत आणि व्याजावर व्याज धरू नये. दुसरी, बहात्तरावे कलम. शेतकरी ऋणकोवरील दाव्याची मुदत साध्या व्यवहारात तीनवरून सहा वर्षे, आणि नोंदविलेल्या खतावर बारा वर्षे करण्यात आली.

म्हणजे १८२७ मध्ये लेखी खतास जी बारा वर्षे होती, तीच १८७९ मध्ये नोंदलेल्या खतास परत मिळाली. १८५९ मध्ये ऋणकोच्या संरक्षणासाठी मुदत कमी केली. १८७९ मध्ये ऋणकोच्याच संरक्षणासाठी वाढविली. ह्या दोन्ही पावलांमागील हेतू प्रामाणिक होता. पहिल्यात ऋणको हा न्यायालयात उभा राहून आपला बचाव मांडणारा, स्वतःचे कागद जपून ठेवणारा माणूस गृहीत धरला होता. दुसऱ्यात त्या गृहीतकाचा त्याग केला होता.

दोन्ही तरतुदी परस्परांस आवश्यक होत्या, हेही ध्यानात घ्यावे. केवळ मुदत वाढविली असती तर खते बदलण्याचा वेग मंदावला असता, पण आधीची फुगलेली मुद्दले तशीच राहिली असती. केवळ जुना हिशेब उघडला असता तर तीन वर्षांनी खत बदलण्याची निकड कायम राहून नवे तंटे निर्माण होत राहिले असते. काळाची मर्यादा सैल करून रकमेची मर्यादा पुन्हा घट्ट करणे, असे ह्या कायद्याचे स्वरूप होते. दामदुपटीमागील विचार वेगळ्या नावाने परत आला.

ह्या कायद्याच्या अंमलाशी महादेव गोविंद रानडे ह्यांचा निकटचा संबंध होता. १८८१ पासून त्यांनी ह्या कायद्याखालील तपासणीचे काम केले आणि १८८७ मध्ये ते त्याखालील विशेष न्यायाधीश झाले. १८९३ मध्ये हायकोर्टावर जाईपर्यंत पुष्कळसा काळ दख्खनच्या कर्जखतांचा इतिहास त्यांच्या नजरेखालून गेला.

कायद्यास पळवाटा फुटल्याच. गहाणाऐवजी वरकरणी विक्रीखत लिहून घ्यावयाचे आणि पैसे फेडल्यावर जमीन परत देण्याचा तोंडी करार ठेवावयाचा, ही वहिवाट बोकाळली. पुढे कलम १० अ घालून न्यायालयास व्यवहाराचे खरे स्वरूप पाहण्याची मुभा द्यावी लागली. ज्याच्या जमिनीस तारण म्हणून मोल होते त्यासच कर्ज मिळे. लहान कुळाची पत आटली. ह्या परिणामांची चर्चा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

९. पुढील काळ

१९०८ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जास तीन व नोंदणीकृत करारास सहा वर्षे हा भेद राखला. स्वातंत्र्यानंतर विधि आयोगाने १९५६ च्या तिसऱ्या अहवालात ह्या कायद्याचा फेरविचार केला आणि १९६३ चा कायदा १ जानेवारी १९६४ पासून अंमलात आला. त्याने हा भेद काढून टाकून करारावरील दाव्यास सरसकट तीन वर्षे ठेवली. गहाणाच्या रकमेच्या वसुलीस बारा वर्षे, आणि हुकूमनाम्याच्या बजावणीस बारा वर्षांची एकच मर्यादा घातली.

मुदत उलटल्याने उपाय जातो, ऋण जात नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये मुंबईतील कामगारांच्या न दिलेल्या वेतनासंबंधीच्या प्रकरणात पुन्हा सांगितले. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा ह्याहून निराळी होती; तेथे दीर्घ काळाने बंधनच विरून जाते. मुक्तीनंतर तेथील कर्जाच्या दाव्यास कोणती मुदत लावावी, ह्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये जुन्या संहितेच्या बाजूने दिलेला निर्णय २००१ मध्ये एका बँकेच्या दाव्यात फिरविला आणि १९६३ चा कायदाच गोव्यास लागू ठरविला. पित्याच्या ऋणाविषयीचे पुत्राचे धार्मिक दायित्वही हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ मधील दुरुस्तीने, त्यानंतरच्या ऋणांपुरते, न्यायालयाच्या दृष्टीने संपले.

१०. उपसंहार

मुदतीचा कायदा समान बळाच्या दोन व्यापाऱ्यांमध्ये शांतता निर्माण करतो. दोघेही वही ठेवतात, दोघेही तारीख लक्षात ठेवतात आणि दोघांनाही न्यायालयाची वाट ठाऊक असते. दख्खनमध्ये तारीख एकट्या धनकोच्या लक्षात राहत असे. म्हणून तीन वर्षांची मर्यादा ही ऋणकोच्या सुटकेची तारीख न होता धनकोच्या मागणीची तारीख झाली. १८५९ च्या कायदेकारांनी पुराव्याच्या ताजेपणाचा विचार केला. पुरावा कोणाच्या घरात असतो, ह्याचा केला नाही.

ह्या इतिहासातून कर्जाच्या दाव्याची मुदत दीर्घ असावी की अल्प, ह्याचे सर्वकालीन उत्तर मिळत नाही; १८७९ च्या कायद्याचा अनुभवही तसे उत्तर देत नाही. अभ्यासकास त्यातून एवढे सूत्र घेता येते की, मुदतीचे कलम व्याजाच्या, पुराव्याच्या आणि बजावणीच्या कलमांपासून तोडून वाचता येत नाही. महाराष्ट्रातील जिल्हा न्यायालयांच्या जुन्या दप्तरांत त्या काळची खते आणि दरखास्ती आढळतात, तेथे खत बदलल्याच्या तारखा ओळीने लावून पाहिल्यास तीन वर्षांच्या ह्या ठोक्याचा अधिक काटेकोर अभ्यास होऊ शकेल. तोवर सुप्याच्या बाजारात जळालेल्या कागदांत कर्जाबरोबर कर्ज वाढविणारे एक कोष्टकही जळत होते, एवढे निश्चितपणे म्हणता येईल.